हर्सूलच्या तळ्यातली शेळी

कुठलीही नवी वस्तू समोर आली की साहेब ती आधी तळहातावर घ्यायचे, जोखल्यासारखी वरखाली करायचे आणि ज्याची असेल त्याच्याकडे बघून म्हणायचे, "घेतली कितीला ते नको सांगू. पाळायला किती लागतं ते सांग."

घड्याळ असो, छत्री असो, स्कूटर असो. स्कूटर तळहातावर मावत नाही म्हणून तिची सीट दाबून बघायचे. एकदा आमच्या अकाउंट्समधल्या एकाचं लग्न ठरलं आणि तो पेढे घेऊन आला. पेढा तोंडात टाकून साहेबांनी त्यालाही हेच विचारलं. तो बिचारा लाल झाला. मग साहेबच म्हणाले, "तुला पाळायला तिला किती लागंल, ते बघ बाबा आधी."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेलच, ज्याचं एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि तो आला की सगळे मनातल्या मनात आधीच म्हणून टाकतात. फरक एवढाच की आमच्या साहेबांच्या त्या एका वाक्याने एकदा सबंध कारखाना वाचवला. तीच गोष्ट सांगते. त्यांचं नाव मात्र लिहीत नाही. त्यांच्या मुली शहरातच आहेत, आणि वडिलांचे उद्योग छापून आलेले त्यांना आवडतील की नाही याचा मला भरवसा नाही.

आमचा कारखाना चिकलठाण्याच्या एमआयडीसीत. आम्ही फायबरचे कूलर करायचो, पाण्याच्या टाक्या करायचो. औरंगाबादचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला कूलरचं महत्त्व सांगायला नको. साहेब कॉस्टिंगचे प्रमुख, म्हणजे कुठल्या वस्तूला किती खर्च येईल ते सांगणारे. मी त्यांच्या हाताखाली टायपिस्ट, आणि टायपिंग सोडून बाकी सगळं. साहेब धनगराच्या घरातले, वेरूळच्या पलीकडचे. बी. कॉम. झालेले घराण्यातले पहिलेच. भाऊ अजून मेंढरांमागे हिंडायचे. "मेंढरू घ्यायला अक्कल लागत नाय, ताई," ते मला सांगायचे. "पैसा लागतो. अक्कल लागती ती उन्हाळ्यात." आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी घासलेली. तरी मेंढरांच्या घरातल्या या माणसाकडून मी हिशोब शिकले, आणि आमच्या वडिलांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

ते दिवस मोठे विचित्र होते. एकीकडे शहर नुसतं फुगत चाललं होतं. वाळूजकडे जमिनी जात होत्या, जिकडे बघावं तिकडे लोखंडी सांगाडे उभे राहत होते, आणि पानवालासुद्धा आपण शेड टाकणार म्हणून सांगायचा. दुसरीकडे विद्यापीठाच्या नामांतराचा लढा चालू. आज मोर्चा, उद्या बंद. बस क्रांती चौकातच थांबायची आणि आम्ही उरलेली वाट पायी तुडवायचो. कँटीनमध्ये आपोआप दोन टेबलं झाली होती, आणि या टेबलावरचं मीठ त्या टेबलावर जात नव्हतं.

अशात आमचे मालक परदेशातलं एक प्रदर्शन बघून आले, आणि येताना डोकं तिकडेच ठेवून आले. तिथे त्यांना कुणीतरी शर्यतीच्या बोटीत बसवलं होतं. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "बस झाले कूलर. आपण वेगाच्या बोटी करणार, शर्यतीत उतरवणार." औरंगाबादपासून समुद्र किती लांब आहे हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. साहेबांपुढे त्यांनी गुळगुळीत कागदाच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा टाकला. "शर्यतींचे प्रकार पुष्कळ आहेत. कुठल्याला किती खर्च येतो, तुलना करून द्या."

मग आठवडाभर आमच्या खोलीत नुसता धुमाकूळ. मी इंग्रजी वाचून दाखवायचे आणि साहेब प्रश्न विचारायचे. इंजिन किती दिवस जगतं? मेलं तर कुठं पुरायचं? एका बोटीमागं माणसं किती लागतात? हळूहळू त्यांना त्याचा नादच लागला. वळणावर बोट कशी कलते ते मी वाचत असले की साहेब खुर्चीसकट कलायचे. एकदा फारच कलले, आणि चहा घेऊन आलेल्या बाईंना साहेब जमिनीवर आडवे आणि मी हसून हसून टेबलावर आडवी, असं दृश्य दिसलं. बाईंनी चहा ठेवला आणि जाताना दार लावून घेतलं.

मग मालकांच्या केबिनमध्ये तुलना सादर झाली. ती मी जन्मात विसरणार नाही.

"मालक, ही सगळ्यात लहान," साहेबांनी पहिलं चित्र पुढे सरकवलं. "सपाट बूड, मागं टांगायचं एकच इंजिन. ही शेळी. मिळंल ते खाती, दारात बांधता येती, आजारी पडली तर गल्लीतला मिस्त्री बघतो. अन् पळती बी बरी."

"पुढं?"

"ही गोल गोल शर्यतीची. दोन पायांवर उभी, मधून वारा जातो. हे घोडं. उभं असलं तरी खातं. पाणी चोपडं असलं तर एक पंखा, खरबडं असलं तर दुसरा. नालं बदलूनच माणूस म्हातारा व्हायचा."

मालकांच्या ओठांवर हसू आलं. साहेब रंगात आले.

"ही सरळ रेघेत पळणारी. हा शंकरपटाचा बैल. वर्षभर खारीक-खोबरं खाणार, अन् पळणार चिमूटभर. पळून आला की इंजिन खोलून बसायचं. अन् ही समुद्रातली. हा हत्ती, मालक. याला एक माहूत पुरत नाय. एक जण सुकाणू धरणार, दुसरा नुस्ता वेग सांभाळणार. इंजिनं दोन, वाहायला ट्रक, वरून लक्ष ठेवायला हेलिकॉप्टर. पेट्रोल पितो का सांडतो, तेच कळत नाय."

"आणि ही?" मालकांनी शेवटच्या चित्रावर बोट ठेवलं. त्या बोटीला विमानाचं इंजिन होतं.

"ती जनावरात धरता येत नाय. ते दैवत हाय. त्याला नवस बोलायचा, खर्च इचारायचा नाय."

मालक पोट धरून हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "पण मला हत्तीच पाहिजे. शेड बँकेकडे गहाण टाकतो."

साहेबांचा चेहरा एकदम उतरला. शेड म्हणजे आम्ही सगळे होतो. नुकतेच कुठे लोकांनी प्लॉट घेतले होते, पोरं शाळेत घातली होती.

"मालक, हत्ती दारात झुलंल. पण दारच राहायचं नाय," साहेब म्हणाले.

मालक चिडले. चिडले की ते पैज लावायचे. खंडेनवमीला बँकेचे अधिकारी पूजेला येणार होते. तोवर साहेबांनी आपली शेळी बनवायची आणि त्यांच्यासमोर पाण्यावर पळवून दाखवायची. पळाली तर शेळी. नाही पळाली तर शेड गहाण आणि हत्ती दारात.

बाहेर आल्यावर साहेबांनी माठातलं पाणी तीन-चार भांडी घटाघटा प्यायलं. "साहेब, पण बनवणार कोण?" मी विचारलं.

"सुखदेव. दुसरं कोण?"

सुखदेव आमचा सगळ्यात चांगला मोल्डर. साच्यावर फायबरचे थर असे चढवायचा की हात फिरवत राहावंसं वाटे. तो राहायचा भीमनगरला आणि नामांतराच्या प्रत्येक मोर्चात असायचा. त्याची आणि साहेबांची खरी ओळख झाली ती कँटीनमध्ये, आणि ती काही गोड नव्हती. त्या दिवशी दोन्ही टेबलांची जुंपली होती. साहेब मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "भांडता कशाला? सरळ हिशोब हाय. नाव द्यायला काय लागतं? एक पाटी अन् रंग. न द्यायला किती लागतंय ते बघा. मोर्चे, बंदोबस्त, बुडालेल्या शिफ्टी!" आपण फार शहाणपणाचं बोललो असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं.

सुखदेव नळावर हात धूत होता. तो वळला. "साहेब, त्या हिशोबात गावाकडची आमची घरं धरली का? माझ्या आत्याचं घर जाळलं. मी राखंतून तिची भांडी काढली."

 साहेब नळापाशी त्याच्याजवळ गेले.

"नाय धरली," ते म्हणाले.

"मग हिशोब कच्चा हाय."

"व्हय. कच्चा हाय."

दुसऱ्या दिवशी साहेब डबा घेऊन सरळ सुखदेवच्या टेबलावर जाऊन बसले. आणि त्यानंतर नोकरीत असेपर्यंत तिथेच जेवले. आधीच्या टेबलावरून कुणी काहीबाही बोललं, तर साहेबांनी नुसतं मागे वळून "ठेचा हाय का रे तिकडं?" असं विचारलं. मला त्यांचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी माझ्या सख्ख्या माणसांचाही वाटला नसेल.

तर शेळी आकाराला येऊ लागली. कूलर बाजूला, आणि शेडच्या कोपऱ्यात सुखदेव आणि साहेब. दोघांची रोज भांडणं. सुखदेवला सगळीकडे जाड थर हवे होते. साहेबांना शेळी हलकी आणि स्वस्त हवी होती.

"नाकाला अजून दोन थर पाहिजेत, साहेब."

"नाकाला कशाला? पुस्तकात लिहिलंय, बोट पळाया लागली की नाक वर उचलतं. जे पाण्याला लागतच नाय, त्याच्यावर खर्च करायचा?"

"अन् पळायच्या आधी?"

"आधी काय, हळूच सोडू की."

शेवटी साहेब वरिष्ठ. दोन थर वाचले.

खंडेनवमीच्या सकाळी बोट टेंपोत चढवली. मुंबईच्या कुठल्याशा धक्क्यावरून आणलेलं जुनं इंजिन पोत्यात गुंडाळलं होतं. टेंपोवाले चाचा सगळ्या बाजूंनी बोट बघून घेत म्हणाले, "साब, ये क्या है? कूलर उलटा हो गया क्या?" पाण्यात सोडायची आहे म्हटल्यावर तर त्यांनी कपाळालाच हात लावला. "यहाँ पीने कू पानी नै, और तुम लोगां पानी पे गाडी चलाने चले!" दिल्ली गेटपाशी आमच्यामागे पोरासोरांची मिरवणूक झाली होती, आणि हर्सूलच्या तळ्यावर पोचेपर्यंत जत्रा.

त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, तळं भरलेलं. काठावर मंडप, बँकेचे तीन अधिकारी खुर्च्यांवर, त्यांच्या हातात चहा. बोट चालवणार होते मालकांचे मेहुणे. पांढरी पँट, काळा गॉगल आणि गळ्यात रुमाल अशा थाटात ते आदल्या दिवसापासूनच वावरत होते.

आता तुम्हाला खंडेनवमीची आमची रीत सांगायला हवी. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक मशीनची पूजा व्हायची. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि मग मालक स्वतः मशीनवर नारळ फोडायचे. लेथच्या लोखंडी बेडवर, प्रेसच्या पायावर. इतकी वर्षं फोडत आलेले. त्यांचा हात त्याला सरावलेला. बोटीला माळ घातली, कुंकू लावलं, फोरमनने मालकांच्या हातात नारळ दिला. मालकांनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, आणि हाणला दणकून बोटीच्या नाकावर.

नारळ फुटला नाही. नाक फुटलं.

चांगलं वाटीएवढं भोक. मालक हातातल्या अख्ख्या नारळाकडे बघत राहिले. सुखदेव साहेबांकडे बघत राहिला. मेहुण्यांनी गॉगल काढला, भोकात बोट घालून पाहिलं आणि गॉगल खिशात ठेवून म्हणाले, "मी नाही बसत."

बँकेचे अधिकारी घड्याळ बघायला लागले. मालकांनी नारळ फोरमनकडे दिला. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "झालं. गेली तुमची शेळी. सोमवारी गहाणखताचे कागद करतो." काठावर आमची सगळी माणसं उभी होती, कुणी बायकोपोरांना घेऊन आलेलं.  

तेवढ्यात साहेब खाली बसले आणि बुटाचे बंद सोडायला लागले.

"ताई, चष्मा धरा."

"साहेब, तुम्हाला पोहता येत नाही!"

"बुडाली तर पोहायचं ना? नाक वर हाय तवर भोक कोरडं. फक्त थांबायचं नाय."

"मागं मी बसतो," सुखदेव म्हणाला आणि शर्ट काढून माझ्याच हातात दिला. "मला येतं पोहायला. थर तुम्ही वाचवले साहेब, आता निस्तरा."

मग जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतं. आमची सगळी माणसं, दोन्ही टेबलांवरची, कपड्यांसकट पाण्यात उतरली आणि बोटीचं नाक खांद्यावर उचलून उभी राहिली. सुखदेवने दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. पुन्हा खोकलं. तिसऱ्यांदा ते असं भुंकलं की मंडपाखालचं कुत्रं पळून गेलं. "ढकला!" सुखदेव ओरडला. माणसांनी ढकललं, नाक खांद्यावरून सुटलं, भप्पकन पाण्यात बसलं आणि भोकातून पाण्याची धार सरळ साहेबांच्या तोंडावर आली. गेले, गेले, असं मी म्हणेपर्यंत नाक उचललं. वर, आणखी वर. आणि शेळी जी सुटली!

"हुर्र्र! हैक! हैक! हुर्र्र!" साहेब ओरडत होते. पाच हजार वर्षांत धनगरांनी मेंढरांना जेवढ्या हाका घातल्या असतील तेवढ्या त्या तळ्यात एकदम घुमल्या. बँकेचे अधिकारी खुर्च्यांवर उभे राहिले. एकाचा चहा दुसऱ्याच्या टकलावर सांडला आणि दोघांनाही ते कळलं नाही. जवळच्या जेलमधला एक शिपाई, कोण पळालं म्हणून, सायकल दामटत आला आणि सायकल टाकून आमच्यातच नाचायला लागला.

वेढा घेऊन बोट काठाजवळ आली. साहेबांनी मान वळवली. "मालक! शेळी का हत्ती?"

मालकांनी तोंड उघडलं, तोवर बोट पुढे निघून गेली. पुन्हा वेढा, पुन्हा काठ.

"मालक! शेळी का हत्ती?"

"आधी थांबा!" मालक ओरडले. "बुडाल!"

"आधी सांगा!"

बोट पुन्हा लांब गेली. मालक रेशमी झब्बा सावरत काठाने धावू लागले. त्यांच्यामागे मेहुणे, त्यांच्यामागे मी, चष्मा आणि शर्ट घेऊन. बोटीतून सुखदेव ओरडून सांगत होता की पेट्रोल संपत आलंय. आता ही थांबली तर भर तळ्यात थांबणार होती. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि धावताना दोन्ही एकदम जमत नव्हतं.

तिसऱ्यांदा बोट आली तेव्हा साहेबांचा आवाज बसला होता. त्यांनी नुसता एक हात वर केला.

"शेळी!" मालक गळा फाडून ओरडले. "शेळी, बाबा, शेळी! आता तरी ये!"

बँकेचा एक अधिकारीही ओरडला, "शेळी! शेळी!" सगळा काठ ओरडायला लागला. साहेबांनी सुकाणू फिरवलं आणि शेळी पूर्ण वेगात सरळ काठावरच्या चिखलात घुसवली. चिखलाचा एक फवारा उडाला. तो कुणाकुणावर पडला हे लिहीत बसत नाही. मेहुण्यांची पँट मात्र पुन्हा कधी पांढरी झाली नाही.

हत्ती आला नाही. शेड गहाण पडली नाही. नाथसागरातल्या मासेमारांसाठी आम्ही थोड्या बोटी केल्या, नाकाला भरपूर थर घालून, आणि मग पुन्हा कूलर. लोकांनी त्या प्लॉटांवर घरं बांधली. पोरं शिकली. कितीजणांना आता ठाऊकसुद्धा नसेल की आपलं घर एका फुटक्या बोटीने वाचवलंय.

साहेब पुढे फार दिवस राहिले नाहीत. एका उन्हाळ्यात ते सकाळी कामावर आले नाहीत, आणि दुपारी त्यांचा भाऊ निरोप घेऊन आला. हृदयविकाराचा झटका. मी त्यांच्या टेबलाकडे बघायचं बरेच दिवस टाळलं. नंतर, विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला तेव्हा सुखदेव पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या खोलीत आला. सगळ्यांना दिले, दोन्ही टेबलांवरच्यांना. शेवटी एक उरला. "साहेबांच्या वाटचा कुणाला देऊ, ताई?" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. तो पेढा आम्ही दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला. मला त्या दिवशी साहेबांची आठवण फार आली. अजूनही येते, आणि ती रडवत नाही, हसवते. तेच जास्त अवघड जातं.

चिखलात बोट घुसली त्यानंतरची एक गोष्ट मात्र माझ्याशिवाय कुणी पाहिली नाही. लोकांनी सुखदेवला खांद्यावर घेतलं होतं आणि सगळी गर्दी नाचत मंडपाकडे निघाली होती. साहेब बोटीतच बसून होते. बोटीत साचलेल्या पाण्यात, केसांत झेंडूच्या पाकळ्या, दोन्ही हात सुकाणूवर घट्ट. इंजिन केव्हाच बंद पडलं होतं. मी चिखल तुडवत गेले, चष्मा पुढे केला आणि म्हटलं, "उतरा ना साहेब. मालक बोलावताहेत, सगळे वाट बघताहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते समोर बघत होते, आणि वळण घेताना कलावं तसे किंचित एका बाजूला कलले होते.

"थांबा जरा, ताई," ते म्हणाले. "अजून पळतीय."